बर्फावरची गाडी

तीस वर्षें मी वर्गांत बर्फ शिकवीत आलों आहें. हें वाक्य वाचून कोणी मला विज्ञानाचा प्राध्यापक समजूं नये. मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों, आणि इंग्रजी कवितेंत बर्फ आपल्याकडच्या श्रावणसरींइतक्याच सढळपणें पडत असतो. कृष्णाकांठच्या कॉलेजांत, मार्च महिन्याच्या उकाड्यांत, पंख्याखालीं घामाघूम होऊन बसलेल्या साठ मुलांना हिमवृष्टीची शांतता समजावून सांगणें हें वाटतें तितकें अवघड काम नाहीं. त्यांनीं बर्फ पाहिलेला नसतो आणि मींहि पाहिलेला नव्हता. त्यामुळें आमच्यांत मतभेदाचा प्रसंगच येत नसे. कोलरिजनें १८०२ सालीं शामूनीच्या दरींतील सूर्योदयावर एक प्रख्यात स्तोत्र लिहिलें, परंतु त्या दरींत त्यानें कधीं पाऊलहि टाकलें नव्हतें, ही हकीकत मी मोठ्या आवडीनें मुलांना सांगत असें. तिच्यांत माझ्याच अज्ञानाचें समर्थन दडलेलें होतें, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं.

यांत थोडा दोष आपल्या भाषेचाहि आहे. मराठी माणसाचा बर्फ म्हणजे रसवंतीगृहांत लाकडाच्या भुशांतून काढून फोडलेली लादी, नाहीं तर शाळेच्या दारांत लाल पाकांत बुडवून विकला जाणारा गोळा. आकाशांतून पिसासारखा उतरतो तो एक पदार्थ आणि पाणी गोठून दगड होतो तो दुसरा, हा भेद इंग्रज दोन निरनिराळ्या शब्दांनीं करतो. आपण दोहोंनाहि बर्फच म्हणून मोकळे होतों. सांगलीस किंवा साताऱ्यास त्यावांचून कोणाचें अडत नाहीं. मी ज्या रस्त्याची हकीकत सांगणार आहें, तेथें मात्र पहिल्याच्या खालीं दुसरा लपलेला असतो, आणि तो ओळखतां न येणें जिवावर बेतूं शकतें.

माझा मुलगा पुण्यास एका कारखान्यांत इंजिनिअर आहे. आठवड्याचे सहा दिवस तो यंत्रें सुरळीत चालावींत म्हणून खपतो, आणि सातव्या दिवशीं स्वतःची गाडी मुद्दाम चिखलांत घालून ती बाहेर कशी काढावी याचा अभ्यास करतो. पावसाळ्यांत मावळ-मुळशीच्या बाजूस असे बरेच तरुण जमतात. एकाची गाडी रुतली कीं इतरांना आनंद होतो आणि तिला दोर लावून ओढतांना तो द्विगुणित होतो. त्याच्यापाशीं मारुतीची एक जुनी जिप्सी आहे. १९८५ पासून जवळ जवळ तीन तपें ही गाडी आपल्या देशांत तयार होत होती. लष्करानें ती वापरली, वनखात्यानें वापरली. आतां ती निघत नाहीं. चारी चाकांना जोर पोंचविणारा एक जादा दांडा, जमिनीपासून उंच राखलेलें पोट, आणि आंत बसणाराच्या पाठीच्या कण्याविषयीं संपूर्ण बेफिकिरी, अशीं तिचीं तीन लक्षणें मला दिसलीं. २०२३ च्या जानेवारींत त्यानें जाहीर केलें कीं, आपण एका मित्राबरोबर ही गाडी घेऊन हिमाचलांत स्पितीस जाणार, आणि तेंहि फेब्रुवारींत, कारण चिखलाचा अभ्यास पुरा झाला असून आतां बर्फाचा करावयाचा आहे.

मुलगा सत्तावीस वर्षांचा होता. त्याला परवानगी देण्याचा अथवा नाकारण्याचा काळ केव्हांच उलटून गेला होता. तरीहि घरांत दोन दिवस अबोला झाला, आणि तिसऱ्या दिवशीं मंडळींनीं मला बाजूस बोलावून सांगितलें, "तुम्ही जा त्याच्याबरोबर. तुम्ही शेजारीं असलांत म्हणजे तो जपून चालवील." माझ्या या प्रवासाचें खरें कारण हेंच. काव्यांतलें हिम प्रत्यक्ष पाहण्याच्या ओढीनें मी गेलों असें मीं मित्रांना सांगितलें, आणि कांहीं अंशीं तें खरेंहि होतें. परंतु मला पाठविण्यांत आलें होतें तें ब्रेक म्हणून.

प्राध्यापकाची प्रवासाची तयारी म्हणजे वाचन. तरुण मंडळी लोखंडी साखळ्या, फावडीं, दोर आणि हवा भरण्याचा लहान पंप जमवीत होती. मी इतिहास जमवीत होतों. रशियाच्या झारच्या पदरीं केग्रेस नांवाचा एक फ्रेंच मोटारतज्ज्ञ होता. बर्फावर चालवितां यावी म्हणून त्यानें मोटारीच्या मागच्या चाकांच्या जागीं रबरी पट्टा बसविण्याची युक्ति काढली. पुढें सिट्रोएन कंपनीनें ती उचलली, आणि १९३१ सालीं तिच्या मोहिमेंतल्या दोन गाड्या श्रीनगराहून गिलगिटपर्यंत गेल्या. जेथें वाटच उरली नाहीं तेथें त्या सुट्या करून हमालांच्या पाठीवरून नेल्या. याहून रोमांचकारी हकीकत आपल्याच सैन्याची आहे. १ नोव्हेंबर १९४८ रोजीं झोजी खिंडींत, सुमारें साडेअकरा हजार फूट उंचीवर, ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे शत्रूसमोर जाऊन उभे राहिले. ते तेथवर येतील ही कल्पनाच कोणास नव्हती. त्यांचे वरचे बुरूज उतरवून ते गुप्तपणें बालतालपर्यंत आणलेले होते. लेहची वाट मोकळी झाली ती या चढाईमुळें. हें सर्व मीं गाडींत बसल्यावर मोठ्या उत्साहानें सांगितलें. चिरंजिवांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "बाबा, तुम्ही लोकरीचे मोजे घेतलेत ना?" ते मीं विसरलों होतों.

हिंवाळ्यांत स्पितीस जावयास वाट एकच. कुंझुमची खिंड साडेचार हजार मीटरांहून उंच असल्यामुळें ती बंद असते. २०२० सालीं रोहतांगखालून जो नऊ किलोमीटरांचा बोगदा खुला झाला त्यानें लाहौलची सोय झाली, पण स्पितीचें दार त्या बाजूनें उघडलें नाहीं. म्हणून शिमल्याहून रामपूर, किन्नौर, नाको, ताबो असें सतलजच्या आणि मग स्पिती नदीच्या कांठानें वळसा घालून जावें लागतें. मी कालक्याहून शिमल्यास जाऊन त्या दोघांना मिळालों. वाटेचें वर्णन मी करीत नाहीं. पहिले दोन दिवस माझे डोळे बहुधा मिटलेलेच होते. ताबोच्या मठांत मात्र उघडले. हा मठ इसवी सन ९९६ मधला. बाहेरून मातीचे गोल गुळगुळीत ढीग, आणि आंत, मिणमिणत्या उजेडांत, हजार वर्षांपूर्वींचे रंग. आपल्याकडे त्या वेळीं शिलाहार आणि उत्तरकालीन चालुक्य राज्य करीत होते, असा हिशोब मीं मनांत केला. थंडीनें दांत वाजत असतांनाहि मास्तरकी सुटत नाहीं ती अशी.

काझा येथें आम्ही एका स्थानिक माणसास वाटाड्या म्हणून घेतलें. वयानें तो माझ्याच एवढा असावा. त्याची स्वतःची मालवाहू बोलेरो होती. ती घेऊन तो पुढें जाणार आणि आम्ही त्याच्या चाकोरींतून मागें. दुसऱ्या दिवशीं पहाटे त्यानें आपल्या गाडीच्या पोटाखालीं पत्र्याच्या डब्यांत विस्तव ठेवलेला पाहून मी चांगलाच दचकलों. परंतु त्या थंडींत साध्या डिझेलचें मेण होऊन बसतें आणि इंजिनांतलें तेल काकवीसारखें दाट होतें. त्यांना ऊब दिल्याशिवाय गाडी जागी होत नाहीं. न गोठणारें खास डिझेल २०१९ पासून लडाखसारख्या भागांत मिळूं लागलें आहे. पण त्याचा विश्वास विस्तवावरच होता. रात्रीं हातब्रेक ओढून ठेवूं नये, कारण तो ओढलेल्या स्थितींतच गोठतो. गाडी गिअरमध्यें टाकून चाकामागें दगड लावावा. कांचेवरचे वायपर उभे करून ठेवावेत. असे बारीकसारीक धडे त्यानें माझ्या मुलाला दिले, आणि मुलगा ते ज्या एकाग्रतेनें ऐकत होता ती पाहून मला, खोटें कशाला सांगूं, थोडा मत्सर वाटला. माझ्यासमोर तो असा कधीं बसलेला नव्हता.

मुख्य धडा चारी चाकांविषयींचा होता. "साहेब, चार चाकांचा जोर हा चालण्याचा जोर आहे, थांबण्याचा नाहीं," तो हिंदींत म्हणाला. "थांबतांना तुमची गाडी आणि बाजारांतली कोणतीहि गाडी सारखीच." विचार केला तर गोष्ट उघड आहे. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारी चाकांवर असतात. चढावर जी गाडी इतरांना मागें टाकते ती उतारावर त्यांच्याहून रतिभरहि शहाणी नसते. उलट सहज चढून आल्यामुळें तिच्या मालकास खोटा धीर मात्र येतो. उतारावर हलका गिअर टाकून इंजिनालाच गाडी रोखूं द्यावी. ब्रेक जोरानें दाबला कीं चाकें फिरावयाचीं थांबतात, आणि न फिरणारें चाक वळत नाहीं. सुकाणूं कोणीकडेहि फिरवा, गाडी घसरगाडीसारखी नाकासमोर जाते. "चाक घसरलें असें वाटलें कीं पाय वर उचला. भीति पायांत उतरते. पायाला झोपूं द्या." हें तो हंसत हंसत म्हणाला, आणि मीं तें सुभाषित म्हणून टिपून घेतलें.

काझ्याहून की येथील मठावरून किब्बरला जाणारा रस्ता आम्हीं धरला. किब्बर सुमारें ४,२०० मीटर उंचीवर आहे. मठाच्या वर गेल्यावर दोन दिवसांपूर्वींच्या बर्फानें रस्ता ठिकठिकाणीं भरून गेला होता, आणि एका वळणाशीं तर वाऱ्यानें लोटलेला बर्फ गाडीच्या दिव्यांपर्यंत आला होता. येथें मीं प्रथमच बर्फांतून गाडी हांकणें म्हणजे काय तें पाहिलें. मुलगा व त्याचा मित्र खालीं उतरले आणि त्यांनीं चाकांतली हवा सोडावयास प्रारंभ केला. मी ओरडलों, "अरे, हें काय?" तेव्हां त्यानें गुडघ्यावर बसूनच मला समजाविलें कीं, तीस पौंडांची हवा पंधरांवर आणली म्हणजे रबर पसरतें, जमिनीवरचा ठसा लांब होतो, गाडीचें वजन अधिक जागेवर वांटलें जातें आणि ती बर्फांत रुतण्याऐवजीं त्यावर तरंगते. आइसलंडमधले लोक प्रचंड रुंदीचीं चाकें लावून हवा पांच पौंडांच्याहि खालीं आणतात आणि हिमनद्यांवरून गाड्या नेतात. आपल्या चाकांची तेवढी काढली तर रबर रिम सोडून निघून येईल. उंटाचा पाय वाळवंटांत रुंद कां असतो, हें मीं लहानपणीं त्यालाच सांगितलें होतें. तो तें विसरला नव्हता. विसरलों होतों तो मी.

मग गाडी त्या ढिगांत शिरली. पांच-सात हात गेली आणि थांबली. मला वाटलें, आतां हा इंजिनाचा आवाज वाढवील. चिखलांत अडकलेल्या एस. टी. च्या गाड्या मीं तशाच पाहिल्या आहेत. पण नाहीं. जागच्या जागीं फिरणारें चाक घर्षणानें खालचा बर्फ वितळवितें, तें पाणी लगेच गोठतें, आणि आपणच आपल्या पायाखालीं कांच तयार करून ठेवतों. म्हणून चाक फिरूं लागण्यापूर्वींच तो थांबला, आपल्याच चाकोरींतून अलगद मागें आला, आणि पुन्हां पुढें गेला. या खेपेस दोन हात अधिक. पुन्हां मागें, पुन्हां पुढें. मधून फावड्यानें गाडीच्या पोटाखालचा बर्फ उपसावयाचा, कारण पोट टेकलें कीं चाकें अधांतरीं राहतात. अशा चाळीस हातांना पाऊण तास लागला. गाडी पलीकडे निघाली तेव्हां ते दोघे तरुण लहान मुलांसारखे ओरडले, वाटाड्यानें आपला भोंगा वाजविला, आणि मी, ज्यानें बोटहि हलविलें नव्हतें, सर्वांच्या आधीं टाळ्या वाजविल्या. मुलाच्या तोंडावर त्या वेळीं जें कांहीं होतें तें मीं त्याच्या पदवीदानाच्या दिवशींहि पाहिलें नव्हतें. बारावीनंतर मोटारदुरुस्तीच्या एका शाळेंत जाण्याचा हट्ट त्यानें धरला होता आणि मीं तो चार दिवसांत मोडून काढला होता, हें मला नेमकें तेव्हां आठवलें.

रात्रीं किब्बरच्या एका घरांत उतरलों. मध्यें शेगडी, भोंवतीं गाद्या, आणि खारट चहा; तो मला आवडला नाहीं, पण तीन वेळां घेतला. रात्रभर बर्फ पडला. ज्या शांततेविषयीं मी तीस वर्षें बोललों ती मीं त्या रात्रीं ऐकली, आणि तिच्याविषयीं वर्गांत आतां मी पूर्वींपेक्षां पुष्कळ कमी बोलतों.

सकाळीं उतरावयास निघालों. ऊन पडलें होतें. आमच्याजवळ साखळ्यांची एकच जोडी होती. ती मागच्या चाकांना चढविली. वर चार बोटें नवा भुसभुशीत बर्फ आणि त्याखालीं, दिवसां वितळून रात्रीं गोठलेल्या पाण्याचा कठीण थर. कडाक्याच्या थंडींतला बर्फ त्या मानानें चाकाला धरून ठेवतो. वितळण्याच्या बेतांत आलेला त्याहून दगलबाज असतो, असें वाटाड्यानें निघतांनाच सांगितलें होतें. त्याची गाडी पन्नास-साठ हात पुढें होती. मी मुलाच्या शेजारीं बसलों होतों. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी. एका वळणावर वाटाड्याची गाडी दिसेनाशी झाली, आणि त्याच क्षणीं वरच्या कड्यावरून दोन-तीन भरल, म्हणजे तिकडचीं निळसर रानमेंढरें, उड्या घेत आमच्यापुढें रस्त्यावर आलीं.

मी ओरडलों, "ब्रेक! ब्रेक लाव!"

माझा आवाज मोठा आहे. शंभर मुलांच्या वर्गांत मला ध्वनिक्षेपक लागत नाहीं. तो आवाज माझ्या मुलानें सत्तावीस वर्षें ऐकला आहे, आणि ऐकतांक्षणींच त्याप्रमाणें वागण्याची संवय त्याला मींच लाविली आहे. त्याचा पाय खालीं गेला. जनावरें केव्हांच पार झालीं होतीं. गाडीचा आवाज एकाएकीं थांबल्यासारखा वाटला आणि ती, मोठ्या मऊपणें, दरीकडे निघाली. त्यानें सुकाणूं उजवीकडे फिरविलेलें मला दिसत होतें. गाडी सरळच जात होती. वेग माणसाच्या चालण्याहून अधिक नसावा. हीच त्यांतली भयंकर गोष्ट. विचार करावयास भरपूर वेळ होता आणि करण्यासारखें कांहीं नव्हतें. मीं पुन्हां ओरडलों, "दाब! आणखी दाब!" आणि त्यानें पाय उचलला.

पुढचीं चाकें फिरूं लागलीं. फिरूं लागतांच तीं वळलीं. गाडी तोंड फिरवून डोंगराच्या बाजूस गेली आणि रस्त्याच्या कडेस सारून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगांत नाक खुपसून उभी राहिली. मागें बसलेला मित्र एवढेंच म्हणाला, "काका, चष्मा पडला तुमचा."

वाटाड्या आपली गाडी थांबवून पायीं वर आला. आमच्याकडे न पाहतां त्यानें आधीं रस्ता पाहिला. बर्फावर सर्व लिहिलेलें होतें. एका जागेपर्यंत पुढच्या चाकांची नक्षी उमटलेली, मग कांहीं हात दोन गुळगुळीत पट्टे, आणि दरीच्या कडेपासून अडीच हातांवर पुन्हां नक्षी. त्यानें पट्ट्यांच्या शेवटाकडे बोट करून मुलाला विचारलें, "येथें पाय उचललास तो कोणाच्या सांगण्यावरून?"

"काल तुम्हींच सांगितलें होतें."

मग तो पट्ट्यांच्या आरंभाशीं गेला. "आणि येथें दाबलास तो?"

मुलानें क्षणभर खालीं पाहिलें. "माझीच चूक झाली," तो म्हणाला.

मी तेथेंच उभा होतों. "मीं सांगितलें" हे दोन शब्द उच्चारावयास मला कोणतीहि अडचण नव्हती. मीं ते उच्चारले नाहींत. चष्म्याला लागलेला बर्फ मी रुमालानें पुसत राहिलों. तो पुसून झाल्यावरहि पुसत राहिलों. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेंत आपण चूक तपासली असें ध्यानांत आल्यावर ती दुरुस्त करण्याइतका प्रामाणिकपणा माझ्यांत आहे असें मी समजत असें. वाटाड्यानें माझ्याकडे एकदां पाहिलें. त्याला सर्व समजलें होतें असें मला वाटतें. तो कांहीं बोलला नाहीं. गाडींतून राखेचें पोतें काढून त्यानें आमच्या चाकांपुढें राख पसरली.

येथें एखादा कल्पक निबंधकार बाप, ब्रेक आणि आयुष्याचा उतार यांवर सुरेख रूपक रचील. मला तें त्या दिवशीं सुचलें नाहीं आणि आज रचवत नाहीं. गाडी मोकळी करतांना मुलाचे हात फावड्यावर थरथरत होते, एवढेंच मला आठवतें. की गांवापर्यंत मी एक अक्षर बोललों नाहीं. काझ्यास पोंचल्यावर मी आपण होऊन मागच्या बाकावर बसलों. तेव्हां त्यानेंच दार उघडून "बाबा, मागें फार आदळतें, पुढें या" असें म्हटलें, आणि मी पुढें गेलों.

त्या रात्रीं ताबोस जेवतांना मीं त्याला सांगितलें. मनांत मराठी वाक्य जुळवीत होतों. "क्षमा कर" हें नाटकांतलें वाटलें, "माझें चुकलें" हें घशांतून वर येईना. मुलाजवळ असें बोलण्याचा प्रसंग माझ्यावर कधीं आला नव्हता, निदान आल्याचें मीं मानलें नव्हतें. शेवटीं ज्या भाषेवर आजवर पोट भरलें तीच धांवून आली. मी "सॉरी" म्हणालों. तो भाताचा घांस घेत होता. "बाबा, तें निवतें आहे, जेवा आधीं," तो म्हणाला. थोड्या वेळानें त्यानेंच विषय काढला तो झोजी खिंडींतल्या रणगाड्यांचा; त्यांना साखळ्या लागत होत्या कीं नाहीं, असें त्याला विचारावयाचें होतें. मला तें ठाऊक नव्हतें, आणि मीं तसें सांगितलें.

घरीं परतल्यावर मंडळींनीं पहिला प्रश्न केला, "जपून चालविली ना त्यानें?" मी म्हणालों, "फारच जपून." यांत असत्य कांहींच नव्हतें. आजवर घरांत एवढेंच कळलेलें आहे. परंतु हें मासिक आमच्याकडे नियमानें येतें आणि माझ्या आधीं तें कोण वाचतें, हें संपादकांस ठाऊक नसलें तरी मला आहे. अंक पोंचेल त्या दिवशीं मी पुण्यास मुलाकडे जाण्याचें ठरविलें आहे. तो रविवार असल्यास मावळांत गाडी धुवावयास एक माणूस कमी पडतो, असें त्यानें मागें सांगितलेंच आहे.